मागे कलणारे बाक

३ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

सप्रेम सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला जी आठी घातली असेल, ती आधी काढा. मी रडायला किंवा तुमची समजूत घालायला लिहीत नाहीये. तुम्ही गेल्यावर कारखाना कसा चाललाय ते तुम्हाला कळावं, एवढंच. झकास चाललाय.

जाताना तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "जिला पटाशी कुठल्या बाजूने धरायची ते माहीत नाही, तिच्या हाताखाली मी काम करणार नाही." तर कळवायला आनंद वाटतो की मला आता बाजू कळली आहे. अंगठ्याला पट्टी आहे, पण कळली आहे.

तुमचे दादा देवाघरी गेल्यावर मामंजींनी कारखाना माझ्या हाती दिला, हे तुम्हाला लागलं. लागणारच होतं. तुमचं सगळं आयुष्य त्या लाकडाच्या भुशात गेलं आणि मी आपली गिऱ्हाइकांशी गोड बोलणारी. मी मामंजींना तेव्हाच म्हटलं होतं, भावोजींना द्या. ते म्हणाले, "त्याला लाकूड कळतं. तुला माणसं कळतात का, ते बघायचंय." बघायचंय म्हणाले, भावोजी. कळतात असं म्हणाले नाहीत. म्हणून मला परीक्षा लावून ठेवलीय. नव्या प्रार्थनामंदिराचे सगळे बाक आपण करायचे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी समर्पणाची उपासना आहे. तोवर बाक नीट झाले, तर कारखाना आपला. नाही झाले, तर लाकडाचे व्यापारी गोदामासाठी जागा मागतच आहेत, त्यांना ती भाड्याने जाईल. मामंजी म्हणतात, "मोडकी दुकानदारी चालवण्यापेक्षा दार लावलेलं बरं." तुमचेच वडील, बोलण्यात कसर ठेवत नाहीत.

पण काळजी नसावी. मी जुन्या प्रार्थनामंदिरातला एक बाक नमुना म्हणून उचलून आणलाय, मामंजींनी तरुणपणी केलेला. दोन पिढ्या त्यावर बसल्या, कोणाची तक्रार नाही. तोच तसाच्या तसा उतरवायचा. मापं घ्यायची कटकटच नको. मामंजींना यातलं काही सांगितलेलं नाही. गुडघ्यांमुळे ते जिना उतरून कारखान्यात येत नाहीत, ते एका अर्थी बरंच झालं. समर्पणाच्या दिवशी आपल्याच हातच्या नमुन्याचे बाक ओळीने मांडलेले पाहून त्यांचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचंय.

मिस्त्री माझं सगळं ऐकतात. ऐकून "हूं" म्हणतात. रंधा नेहमीप्रमाणे बोलून बोलून सगळ्यांना तासतोय; त्याचं हे नाव तुम्ही ठेवलंत आणि आता त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवत नसेल. पॉलिशवाली मावशी तुमची आठवण काढते. म्हणते, ओरडायचे, पण माणूस जेवला का ते विचारायचे.

जाता जाता, लाल खडूचा डबा सापडत नाहीये. तुम्हीच नेला असणार. राहू द्या तुमच्याकडे, मला नकोच आहे.

तुमची,
वहिनी


२४ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

सलाम. मागच्या पत्रातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं आज लिहिते.

मिस्त्री "हूं" म्हणत होते, ते ऐकत होते म्हणून नव्हे. रंधाने व्यापाऱ्यांकडे कामासाठी शब्द टाकून ठेवला होता. मला ते माहीत होतं आणि तुम्हाला कळू नये म्हणून मी ते गिळलं. आणि बाक कलतायत. सगळे. मागे.

झालं असं. काल पाळकसाहेब बाक बघायला आले. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना एकावर बसवलं. ते म्हणाले, "वा, आरामशीर आहे." मग थोडे मागे सरकले. मग आणखी थोडे. मी त्यांना मंदिराच्या खिडक्यांबद्दल काहीतरी सांगत होते आणि वळून बघते तर साहेबांची नजर छताला लागलेली, हात पोटावर, चेहरा अगदी तृप्त. भला माणूस, म्हणाला, "माझं प्रवचन जरा लांबतं. या बाकांवर मंडळी फारशी जागी राहतील असं वाटत नाही." मावशी फस्सकन हसली आणि पॉलिशचं फडकं तोंडात कोंबलं.

मी पाणसळ आणायला लावली. बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला, तो हलेचना. मी दुसरा बाक बघितला, तिसरा बघितला. नमुन्याचा बाकही तसाच. सगळ्यांच्या माना खाली. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

आणि आज दुपारी तुमचं कार्ड आलं. गेल्यापासून पहिली ओळ तुमच्या हातची. "वहिनी, जुन्या मंदिराची जमीन वेदीकडे उतरती आहे. नव्याची कशी आहे? बघून घ्या."

सपाट आहे, भावोजी. आरशासारखी सपाट. कार्ड वाचून मी लगेच तिथे जाऊन खात्री केली.

म्हणजे मामंजींनी उतारावर बाक सरळ उभा राहावा म्हणून पुढचे पाय मुद्दाम लांब ठेवले होते. मी त्यांची कलाकुसर नाही उतरवली, मी तिथला उतार उचलून आणला आणि सपाट जमिनीवर मांडला. मामंजींना एकदा विचारलं असतं तर त्यांनी खाटेवरून सांगितलं असतं. पण मला त्यांना चकित करायचं होतं ना.

तुमचं कार्ड मी तीनतीनदा वाचलं. मला वाटलं होतं, तुम्ही लिहाल तेव्हा "सांगितलं होतं ना" असंच लिहाल. तुम्ही प्रश्न विचारलात. चूक दिसली की खिशातला लाल खडू काढणाऱ्या माणसाने साध्या शाईने प्रश्न विचारला, याचं मला रडू आलं. पहिल्या पत्रात रडणार नाही म्हटलं होतं, तेही खोटंच निघालं.

आता काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. पण मी घाबरलेली नाहीये. म्हणजे काल घाबरले होते. आज नाही.

तुमची,
वहिनी


२ मार्च

प्रिय भावोजी,

सलाम. आज पत्र लांबणार, बसून वाचा.

तुमचं कार्ड आलं त्या दिवशी संध्याकाळी मी आधी मामंजींकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं, व्यापाऱ्यांना निरोप जाणार. ते एवढे हसले की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "आता बघू माणसं कळतात का." परीक्षा आत्ता कुठे सुरू झाली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला त्यांनी किनाऱ्यावरच्या न्याहारीचा शास्त्रपाठ लावला. मुद्दाम लावला की ओळीने आला होता, देव जाणे. तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे, पण मी त्या दिवशी नव्याने ऐकला. प्रभूला धरून नेलं तेव्हा शिष्य त्याला टाकून पळाले होते. पेत्राने तर ओळखसुद्धा नाकारली होती. आणि मरणातून उठलेला प्रभू त्यांना पुन्हा गाठतो तेव्हा किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे भाजत बसलेला असतो. कुठे होतात, असं विचारत नाही. या, न्याहारी करा, म्हणतो. आणि पोटभर खाऊन झाल्यावर त्या पेत्राच्याच हाती आपली मेंढरं सोपवतो. मी मनात म्हटलं, मी असते तर पेत्राला आधी पंधरा मिनिटं सुनावलं असतं, आणि मेंढरं दुसऱ्या कोणाला तरी दिली असती.

भावोजी, कारखाना माझ्या हाती आल्यापासून मी रोज प्रार्थना करत होते की प्रभू, ही माणसं माझं ऐकू दे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मी चुकीचंच मागतेय.

मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. सरस उकळायच्या शेगडीवरचं भांडं उतरवलं, शेगडी घासली आणि त्यावर तवा ठेवला. अंडी, पाव, चहा. माणसं आली ती तोंडं पाडूनच आली. रंधा दारातच थबकला. "बाई, हा निरोपसमारंभ आहे का?"

"बस आणि खा," मी म्हटलं. "निरोप द्यायचा असता तर अंडी कशाला फोडली असती?"

लाकडाच्या ठोकळ्यांवर बसून सगळे खात होते आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. कप खाली ठेवले गेले तेव्हा मी म्हटलं, नमुना मी आणला, विचारलं मी नाही, तेव्हा ही चूक माझी आहे आणि ती माझ्याच नावावर राहील. आता मला एवढंच सांगा, हे बाक सरळ कसे करायचे?

मग मिस्त्री खाली बघत बोलले, "मला तिसऱ्याच बाकाला दिसलं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या बाकाला! जिभेच्या टोकावर आलेलं सगळं मी चहाबरोबर गिळलं. चहा संपलेला होता, नुसता कपच तोंडाला लावून बसले.

ते पुढे म्हणाले, "बोललो असतो तर सगळे मलाच कापावे लागले असते. नियमच तो."

नियम तुमचा, भावोजी. ज्याने चूक दाखवली त्यानेच ती निस्तरायची, सुट्टी झाल्यावर, एकट्याने. आणि तोवर त्या लाकडावर लाल खडूची फुली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तुमचा हेतू मला माहीत आहे. कोणी उगाच दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवत बसू नये म्हणून तुम्ही तो केलात. पण त्यामुळे झालं काय, की तुमच्या हाताखालची सगळ्यात तरबेज नजर काही न बघायला शिकली. रंधालाही दिसलं होतं. मावशीलाही. पॉलिश करताना फडकं मागेच घसरतंय, असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. सगळ्या कारखान्याला दिसत होतं आणि मी एकटीच मिरवत होते.

मी म्हटलं, "नियम आजपासून बदलला. चूक कोणीही दाखवावी. निस्तरायची सगळ्यांनी. आणि जो कापेल त्याच्या बाकाचं दुसरं टोक मी धरीन."

रंधा म्हणाला, "सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"बाई, बाक जड आहेत."

"माझ्या सासरच्या माणसांपेक्षा हलके असतील," मी म्हटलं, आणि मिस्त्री हसले. भावोजी, मिस्त्री हसले! मावशी म्हणते, तिने त्यांचे दात पहिल्यांदाच पाहिले.

तुमची,
वहिनी


२८ मार्च

प्रिय भावोजी,

सलाम. अक्षर वेडंवाकडं आहे कारण खांदे माझे राहिलेले नाहीत.

पद्धत मिस्त्रींनीच काढली. कारखान्यात काही कापायचंच नाही, आपली जमीन कुठे धड आहे. बाक नव्या मंदिरात न्यायचे, जिथला बाक तिथेच ठेवायचा, मागच्या पायांखाली पाचर सरकवत पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा. मग एक ठोकळा जमिनीवर टेकवून त्याच्या उंचीने चारही पायांना पेन्सिलीची रेघ फिरवायची आणि रेघेवर कापायचं. एकाने करवत चालवायची, दुसऱ्याने पलीकडचं टोक घट्ट धरायचं. ते टोक मी धरलं. एकेका बाकाचं. पहिल्या दिवशी टोक जरा हललं आणि रंधाची करवत रेघेबाहेर गेली. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "माझा हात हलला." तो म्हणाला, "नाही बाई, माझाच." मग त्यावरून आमचं जवळजवळ भांडण झालं, चूक कोणाची यावर, आणि दोघांनाही ती आपल्याकडेच हवी होती. असलं भांडण त्या कारखान्यात आधी कधी झालं असेल असं मला वाटत नाही.

आता एक तक्रार आहे. सगळ्यांना चुका दिसायला लागल्यात. दिवसभर "बाई, इकडे या, हे बघा" चालू असतं. रंधा स्वतःचाच उघडा पडलेला सांधा मला असा दाखवायला घेऊन आला, जसा काही मुलगा पहिला आलाय. मावशीने मंदिराच्या दाराचं बिजागर कुरकुरतंय म्हणून पाळकसाहेबांना सुनावलं. मी तिला सांगितलं, ते आपल्या कामात नाही. ती म्हणाली, "नियमात तसं कुठे म्हटलंय?"

रंधाने व्यापाऱ्यांकडचा शब्द मागे घेतला. मला सांगितलं नाही, मावशीकडून कळलं. मीही त्याला काही बोलले नाही, फक्त त्याच्या पुढ्यात दोन अंडी जास्त टाकली.

आणि परवा व्यापारी आले, जागेची मापं घ्यायला. बाकांचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. मामंजींनी मिस्त्री आणि रंधाला बोलावून स्वतःला खुर्चीसकट खाली उतरवून घेतलं. कारखान्याच्या मधोमध बसून त्यांनी सगळीकडे बघितलं. रंधा काहीतरी बडबडत फळी तासत होता, मिस्त्री त्याला चूक दाखवत होते, मावशी दोघांना. व्यापाऱ्यांनी टेप काढली. मामंजी म्हणाले, "आत ठेवा ती. जागा रिकामी नाही."

एवढंच. मला शाबासकी वगैरे काही नाही. खुर्ची वर नेताना मात्र म्हणाले, "तुझा नवरा असता तर आज फार हसला असता." मी स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ नळ सोडून उभी राहिले.

तुमचं हसू अगदी तुमच्या दादांसारखं आहे, भावोजी. तुम्ही गेल्यापासून घरात तसं कोणी हसलेलं नाही. मला तुमची आठवण येते. मामंजींना येते, पण ते मेले तरी कबूल करणार नाहीत. संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेऊन झाली की ते थोडे थांबतात. तिथे तुमचं नाव असतं.

आता कामाचं. सगळे बाक सरळ झाले, एक सोडून. पहिल्या ओळीतला, वेदीसमोरचा, मामंजी ज्यावर बसणार तो. मिस्त्री म्हणाले, चुटकीसरशी करतो. मी करू दिला नाही.

कारण असं. मी नियम बदलला तो न्याहारीच्या दिवशी. तुमचं कार्ड त्याच्या आदल्याच दिवशी आलं. तेव्हा जुनाच नियम चालू होता. तुमचाच. ज्याने चूक दाखवली, त्यानेच ती निस्तरायची. आणि लेखी स्वरूपात चूक दाखवणारे तुम्ही पहिले. कार्ड माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. मिस्त्रींना विचारलं, त्यांनी कायदेशीर आहे म्हणून मान डोलावली.

तुम्ही आला नाहीत तर आम्ही तो बाक तसाच ठेवणार आहोत. तुमचे वडील सगळी समर्पणाची उपासना छताकडे बघत काढतील, आणि प्रवचन लांबलं तर घोरतीलही. विचार करा.

तुमची,
वहिनी


कारखान्याच्या दारावर लावलेली चिठ्ठी
शनिवार, सकाळ

भावोजी,

"शनिवारच्या गाडीने येतो, बाकाला कोणी हात लावू नये" हे कार्ड मिळालं. कोणी लावलेला नाही. रंधाने लावायचा प्रयत्न केला, मावशीने हातावर फडकं मारलं.

मी मंदिरात पाणसळ घेऊन गेलेय. किल्ली नेहमीच्या जागी आहे, ती आम्ही बदलली नव्हती. तुमच्या कामाच्या टेबलावर कोणी काही ठेवलेलं नाही, भुसासुद्धा रोज झाडलाय. मिस्त्रींनी झाडलाय, मी सांगितलं नव्हतं. वर मामंजी झोपल्याचं सोंग करत पडलेले असतील. दाढी करून, नवा सदरा घालून पडलेत. जाऊन भेटा. फार बोलायची गरज पडणार नाही.

शेगडी पेटवून ठेवलीय, अंडी तव्यावर झाकलेली आहेत. दुपारनंतर आपल्याला कारखान्याचं बरंच काही ठरवायचं आहे. मिस्त्रींपासून मावशीपर्यंत सगळ्यांनी सांगितलंय की कामाचा माणूस परत आला तर हाताखालच्यांना तोच शिकवणार, आणि मलाही ते मान्य आहे. लाल खडू आणला असेल तर तोही आणा, मावशीच्या नातीला चित्रं काढायला हवाय.

पण ते सगळं नंतर. आधी खा. मग करवत घेऊन या.

दुसरं टोक मी धरून उभी आहे.

वहिनी